उत्तर आलं नाही, तर?

३१ जानेवारी २०१८ रोजी अपाची टॉमकॅट सांभाळणाऱ्या मंडळींनी एक छोटीशी सुरक्षा-सूचना काढली. क्रमांक सीव्हीई-२०१७-१५६९८. टॉमकॅट हा जावामध्ये लिहिलेली ॲप्लिकेशन्स चालवणारा वेब सर्व्हर. त्याला सर्टिफिकेट तपासणाऱ्या ओपनएसएसएल या लायब्ररीशी जोडणारा, सी भाषेत लिहिलेला एक भाग असतो, टॉमकॅट नेटिव्ह नावाचा. चूक या भागात होती. समोरून आलेल्या सर्टिफिकेटमधला एक विशिष्ट मजकूर १२७ बाइटांहून लांब असला, तर तो नीट वाचला जात नसे. आणि तो वाचता आला नाही, की ते सर्टिफिकेट रद्द झालंय का, हा तपासच सर्व्हर सोडून देत असे. ज्याला दारातच अडवायला हवं, तो माणूस सरळ आत.

या सूचनेची बातमी झाली नाही. पण मी तेव्हा ज्या सर्व्हरांचं काम पाहत होते, तिथे लोक पासवर्ड टाकून येत नसत. डिजिटल सिग्नेचर सर्टिफिकेटचं यूएसबी टोकन लावायचं, पिन टाकायचा आणि आत यायचं. निविदा भरणारे ठेकेदार, त्या उघडणारे अधिकारी, हिशेब सादर करणारे सीए. अशा ठिकाणी सर्टिफिकेटवरची सही खरी आहे की नाही, हे ओपनएसएसएल डोळे मिटून सांगतं. अवघड असतो तो पुढचा प्रश्न: हे सर्टिफिकेट आजही चालू आहे का? ठेकेदाराने काढून टाकलेला मुनीम जुनं टोकन खिशात घेऊन फिरत असेल, तर त्याला ओळखण्याचा तेवढा एकच मार्ग आहे.

आपल्याकडे कुलमुखत्यारपत्र दिलेल्या माणसाशी बिनसलं, की वकील वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतात: अमुक यांना दिलेलं मुखत्यारपत्र रद्द केलं आहे, त्यांच्याशी कुणी व्यवहार करू नये. त्या माणसाच्या हातातला स्टॅम्पपेपर मात्र तसाच राहतो. त्यावरची सही खरी, शिक्का खरा. ज्याने नोटीस वाचली नाही, त्याच्याकडून त्याच कागदावर विसार घेता येतो. सर्टिफिकेटचं नेमकं तेच आहे. सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेने, म्हणजे सर्टिफाइंग ऑथॉरिटीने, एकदा सही केली, की ती सही मागे घेता येत नाही. फक्त नोटीस देता येते. मग ती नोटीस वाचायची कुणी, कुठे, कधी आणि ती हाताशी लागलीच नाही तर काय करायचं, यावर चाळीसेक वर्षं डोकेफोड चालू आहे. त्यातला शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि आमच्या धंद्याने त्याचं उत्तर बहुतेक वेळा चुकीचं दिलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी ते १२७ बाइट जवळून पाहू. सर्टिफिकेटच्या आत एक रकाना असतो, ऑथॉरिटी इन्फर्मेशन ॲक्सेस. बोलताना सगळे एआयए म्हणतात. त्यात पत्ता असतो: या सर्टिफिकेटची सद्यस्थिती विचारायची असेल, तर इथे विचारा. बहुधा दुसराही एक पत्ता असतो, सही करणाऱ्याचं स्वतःचं सर्टिफिकेट कुठे मिळेल याचा. हा सगळा मजकूर डीईआर नावाच्या पद्धतीने बांधलेला असतो. या पद्धतीत प्रत्येक गोष्टीच्या आधी दोन गोष्टी येतात: ती कोणत्या जातीची आहे आणि किती लांब आहे. लांबी १२७ पर्यंत असेल, तर ती एकाच बाइटात लिहिली जाते. त्याच्या पुढे गेली, की पहिल्या बाइटाचा सगळ्यात वरचा बिट चढवायचा आणि उरलेल्या सात बिटांत ‘लांबी पुढच्या इतक्या बाइटांत आहे’ एवढंच सांगायचं. म्हणजे १२७ ही लांबी हेक्समध्ये नुसती ‘७एफ’ अशी येते आणि १२८ येते ‘८१ ८०’ अशी. जो प्रोग्राम पहिल्या बाइटालाच लांबी समजून चालतो, त्याला १२७ पर्यंत सगळं सुरळीत दिसतं आणि १२८ ला तो भलतीकडेच जातो.

आता हिशेब करा. एआयएमधल्या प्रत्येक नोंदीला पत्त्याव्यतिरिक्त चौदा बाइट लागतात: दोन नोंदीच्या वेष्टनाचे, दहा प्रकार सांगणाऱ्या क्रमांकाचे, दोन पत्त्याच्या वेष्टनाचे. पत्ता पन्नास अक्षरांचा धरला, तर एक नोंद ६४ बाइटांची. अशा दोन नोंदी म्हणजे १२८. पन्नास-पन्नास अक्षरांचे दोन पत्ते ही काही आडवाटेची गोष्ट नाही. ऑथॉरिटीचं नाव, विभागाचं नाव, फाइलचं नाव असं जोडत गेलं की सहज तेवढे होतात. आम्ही चाचणीसाठी घरच्या घरी सर्टिफिकेट बनवतो, तेव्हा मात्र पत्ता आखूडच देतो. त्यामुळे चाचणीत सगळं हिरवं दिसायचं.

वाचण्यातली ही चूक मी समजू शकते. डीईआर हाताने वाचणारा कोड ज्याने लिहिलाय, त्याला या लांबीने कधी ना कधी चकवलंच असेल. मला खुपतो तो पुढचा निर्णय. पत्ता सापडला नाही, तेव्हा प्रोग्रामपुढे दोन वाटा होत्या: ‘खात्री करता येत नाही, म्हणून नको’ किंवा ‘विचारायला जागाच नाही, म्हणजे चालेल’. त्याने दुसरी धरली. त्याच वर्षी जुलैत टॉमकॅट नेटिव्हच्या आणखी दोन चुका जाहीर झाल्या, सीव्हीई-२०१८-८०१९ आणि ८०२०. एकीत सद्यस्थितीच्या चौकशीला सदोष उत्तर आलं, तर ते नीट हाताळलं जात नव्हतं. दुसरीत एकाच उत्तरात अनेक सर्टिफिकेटांची स्थिती आधीच तयार करून पाठवलेली असली, तर ती धड तपासली जात नव्हती. परिणाम पुन्हा तोच, रद्द झालेलं सर्टिफिकेट चालून जायचं. जानेवारीची चूक ज्या १.२.१६ आवृत्तीत दुरुस्त केली होती, तीही या नव्या चुका असलेल्या आवृत्त्यांत होती, १.२.१७ मध्ये जाऊन हे मिटलं. तीन चुका, तीन निरनिराळ्या जागा, पण कल एकाच बाजूला. हा कल एका प्रोग्रामरचा नव्हता. तो या तपासाच्या जन्मापासून चालत आलेला आहे.

१९७६ साली डिफी आणि हेलमन यांनी सार्वजनिक किल्लीची कल्पना मांडली, तेव्हा सर्टिफिकेट हा प्रकार नव्हता. सगळ्यांच्या किल्ल्या एका सार्वजनिक वहीत असतील, ज्याला हवी त्याने तिथे पाहावी, अशी ती कल्पना होती. १९७८ मध्ये एमआयटीत बी.एस.च्या प्रबंधासाठी लॉरेन कोनफेल्डर या विद्यार्थ्याने सुचवलं, की दर वेळी वही कशाला उघडायची? वहीतली नोंद सही करून ज्याची त्याच्याजवळच देऊन टाका. हे सर्टिफिकेट. वहीवरचा भार गेला. पण वहीत एक सोय होती, नोंद खोडली की ती सगळ्यांसाठी खोडली जायची. ती सोयही भाराबरोबर गेली.

ती परत आणायला १९८८ च्या एक्स.५०९ मानकात रद्द-यादी आली. सर्टिफिकेट रिव्होकेशन लिस्ट. आम्ही सीआरएलच म्हणतो. तिची रचना मला आजही आवडते. रद्द झालेल्या सर्टिफिकेटांचे अनुक्रमांक, प्रत्येकापुढे रद्द झाल्याची तारीख, वर दोन वेळा: ही यादी कधी काढली आणि पुढची कधीपर्यंत येईल, आणि खाली ऑथॉरिटीची सही. यादी कुणाकडूनही घ्या, सही तपासली की झालं. दुसरी वेळ टळून गेली असेल, तर हातातली यादी शिळी. म्हणजे शांततेला इथे मुदत घालून दिलेली आहे.

यादी आहे, पण ती कुठे आहे हेच माहीत नसलं, तर? २००१ च्या २९ आणि ३० जानेवारीला कुणीतरी मायक्रोसॉफ्टचा कर्मचारी असल्याचं भासवून व्हेरिसाइन या ऑथॉरिटीकडून ‘मायक्रोसॉफ्ट कॉर्पोरेशन’ या नावाची, सॉफ्टवेअरवर सही करण्याची दोन सर्टिफिकेटं मिळवली. व्हेरिसाइनच्या लक्षात आलं, त्यांनी ती रद्द करून यादीत टाकली. पण त्या जातीच्या सर्टिफिकेटांत यादी कुठून घ्यायची याचा पत्ताच लिहिलेला नसे. जगभरच्या विंडोज संगणकांना यादी शोधता येईना. मार्चमध्ये मायक्रोसॉफ्टला एमएस०१-०१७ ही सूचना काढून खास अपडेट द्यावं लागलं, त्या दोन सर्टिफिकेटांपुरती यादी प्रत्येक संगणकात नेऊन ठेवण्यासाठी. पत्ता नाही म्हणून तपास नाही: सतरा वर्षांनी टॉमकॅटमध्ये झालं ते हेच. फरक इतकाच, की तिथे पत्ता होता आणि वाचता आला नाही.

याद्या लांबत चालल्या होत्या, म्हणून जून १९९९ मध्ये ओसीएसपी हा दुसरा मार्ग मानकात आला. सगळी यादी उतरवून घ्यायची नाही. एका अनुक्रमांकापुरतं विचारायचं. उत्तरं तीन: ‘चांगलं’, ‘रद्द’, ‘माहीत नाही’. ब्राउझरांनी हा मार्ग उचलला, २००८ साली आलेल्या फायरफॉक्स ३ मध्ये तो मुळातच चालू होता. पण चौथी शक्यता मानकाच्या हातात नव्हती: उत्तरच येत नाही. हॉटेलात किंवा विमानतळावर वाय-फाय घेतलं, की आधी त्यांचं लॉगिनचं पान उघडतं. ते पान सर्टिफिकेटवालं असतं आणि लॉगिन होईपर्यंत बाहेरचं जग बंद, म्हणजे ओसीएसपीचा सर्व्हरही बंद. उत्तर नाही म्हणून ब्राउझर अडून बसला, तर माणूस कधीच आत जाणार नाही. तेव्हा ब्राउझरांनी ठरवलं, उत्तर आलं नाही तर चालू द्यायचं. सॉफ्ट-फेल. ब्राउझरपुरती त्यांची अडचण खरी होती, हे मी मान्य करते.

पण मधल्या वाटेवर जो बसलाय, जो तुमची वाहतूक वळवू शकतो, तोच उत्तरही अडवू शकतो. आणि ज्याच्या हाती चोरलेलं सर्टिफिकेट उपयोगी पडतं, तो नेमका याच जागी बसलेला असतो. २००९ मध्ये मॉक्सी मार्लिनस्पाइकने दाखवलं, की अडवायचीही गरज नाही. ओसीएसपीच्या उत्तरात सुरुवातीला एक अवस्था-क्रमांक असतो. ३ म्हणजे ‘थोड्या वेळाने प्रयत्न करा’. खऱ्या उत्तरावर ऑथॉरिटीची सही असते, अशा अडचणीच्या निरोपांवर नसते. हल्लेखोराने सर्टिफिकेटच्या चौकशीला नुसतं ३ असं उत्तर द्यायचं. ब्राउझर म्हणणार, बरं, नंतर पाहू. आणि पान उघडणार. एका आकड्याने अख्खी व्यवस्था निकालात. मी ते पहिल्यांदा वाचलं, तेव्हा मानकाची प्रत काढून सहीचा परिच्छेद पुन्हा पुन्हा वाचला. खरंच तसं लिहिलेलं आहे.

मग २०११ आलं. नेदरलँड्समधल्या बेव्हरवाइक गावची डिजिनोटार ही ऑथॉरिटी. डच सरकारची कामंही तिच्याकडे. जून-जुलैत तिच्या यंत्रणेत कुणी शिरलं आणि खोटी सर्टिफिकेटं काढत सुटलं; पुढे मोजदाद झाली ती ५३१. कंपनीला १९ जुलैला सुगावा लागला, सापडली तेवढी तिने रद्द केली. १० जुलैला निघालेलं गूगलच्या सगळ्या उपनावांसाठीचं एक सर्टिफिकेट तिला सापडलंच नाही. ऑगस्टच्या अखेरीस इराणमधल्या एका माणसाला क्रोमने इशारा दिला, त्याने त्याबद्दल जाहीरपणे विचारलं आणि मग गोष्ट फुटली. २९ ऑगस्टला ते सर्टिफिकेट रद्द झालं. सप्टेंबर सुरू होताच डच गृहमंत्री पीट हाइन डोनर यांना मध्यरात्रीनंतर पत्रकार परिषद घेऊन सांगावं लागलं, की सरकारी संकेतस्थळांच्या सुरक्षिततेची हमी देता येत नाही. २० सप्टेंबरला कंपनीचं दिवाळं निघालं.

या प्रकरणातल्या दोन गोष्टी माझ्या मते फार मोलाच्या आहेत. पहिली: फॉक्स-आयटी या तपास करणाऱ्या कंपनीला हल्ल्याची व्याप्ती कळली ती ओसीएसपीच्या नोंदींवरून. गूगलच्या त्या एका सर्टिफिकेटची चौकशी ऑगस्टभर सुमारे तीन लाख वेगवेगळ्या आयपी पत्त्यांवरून झाली होती, त्यांतले ९९ टक्क्यांहून जास्त इराणमधले. लोकांचे ब्राउझर इमानेइतबारे विचारत होते, हे चालेल का? आणि दर वेळी उत्तर जात होतं, चांगलं. कारण दुसरी गोष्ट. ओसीएसपीच्या मूळ मानकात ‘चांगलं’ याचा अर्थ इतकाच होता, की हा अनुक्रमांक रद्द-यादीत नाही. आम्ही हे सर्टिफिकेट दिलं होतं, असा तो नव्हता. चोराने काढलेल्या, कंपनीच्या वहीत नोंदच नसलेल्या सर्टिफिकेटलाही ‘चांगलं’. १ सप्टेंबरला डिजिनोटारच्या ओसीएसपी यंत्रणेची दिशा उलटी केली गेली: आमच्या नोंदीत आहे तेच चांगलं, बाकी सगळं रद्द. अशी उलट बाजू घेण्यासाठी एक कंपनी बुडावी लागली. २०१३ मध्ये ओसीएसपीचं नवं मानक आलं, त्यात न दिलेल्या सर्टिफिकेटला ‘रद्द’ म्हणायची मुभा आली आणि ऑथॉरिट्यांच्या नियमांतही अशांना ‘चांगलं’ म्हणायला मनाई झाली.

फेब्रुवारी २०१२ मध्ये गूगलच्या ॲडम लँग्ली यांनी जाहीर केलं, की क्रोम हा ऑनलाइन तपास सोडून देणार. ज्या तपासाला हल्लेखोर गप्प करू शकतो, त्यासाठी प्रत्येक माणसाचे साधारण ३०० मिलिसेकंद का घालवायचे? त्याऐवजी महत्त्वाच्या रद्द सर्टिफिकेटांची छोटी यादी ब्राउझरच्या अपडेटबरोबर जाईल. म्हणजे २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टने नाइलाजाने केलं, ते क्रोमने धोरण म्हणून केलं. दोन वर्षांनी, एप्रिल २०१४ मध्ये, ओपनएसएसएलमधली हार्टब्लीड ही चूक उघड झाली, जगभर किल्ल्या बदलाव्या लागल्या आणि ग्लोबलसाइन या ऑथॉरिटीची एक यादी २२ किलोबाइटवरून जवळपास पाच मेगाबाइटवर गेली. ती यादी उतरवून घेताना सर्व्हर कसे धापा टाकत होते, ते आमच्या खोलीतल्या सगळ्यांनी पाहिलं.

त्याच वर्षी जुलैत गोष्ट आपल्या दारात आली. २ जुलै २०१४ रोजी गूगलला आपल्या नावांची खोटी सर्टिफिकेटं दिसली, दिलेली होती नॅशनल इन्फर्मेटिक्स सेंटरच्या, म्हणजे एनआयसीच्या ऑथॉरिटीने. एनआयसीच्या वर होते भारताचे कंट्रोलर ऑफ सर्टिफाइंग ऑथॉरिटीज, सीसीए, ज्यांचं पद माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मुळे निर्माण झालं. सीसीएचं मूळ सर्टिफिकेट मायक्रोसॉफ्टच्या विश्वासार्ह ऑथॉरिट्यांच्या यादीत होतं, म्हणून विंडोजवरचा क्रोम आणि इंटरनेट एक्सप्लोरर त्यावर विश्वास ठेवत. फायरफॉक्सच्या यादीत ते नव्हतं. ३ जुलैला सीसीएने एनआयसीची मधली सर्टिफिकेटं रद्द केली. सीसीएच्या चौकशीत चारच खोटी सर्टिफिकेटं निघाली, तीन गूगलच्या नावांची, एक याहूचं, पहिलं २५ जूनचं. गूगलला त्याहून जास्त माहीत होती. म्हणून क्रोमने सीसीएच्या छत्राखाली फक्त सात नावं मान्य ठेवली: जीओव्ही डॉट इन, एनआयसी डॉट इन, एसी डॉट इन, रिझर्व्ह बँक, बँक ऑफ इंडिया, एनकोड आणि टीसीएस. बाकी काहीही नाही. आपल्या देशाच्या सहीला अशी कुंपणाची हद्द पडलेली पाहून मला वाईट वाटलं होतं. पण तो निर्णय बरोबर होता.

इथवरची गोष्ट ब्राउझरची. सर्व्हरने समोरच्या माणसाचं सर्टिफिकेट तपासायचं असतं, तेव्हा हॉटेलच्या वाय-फायची सबब उरत नाही. सर्व्हर एका जागी बसलेला आहे, त्याचं जाळं आपल्या हातात आहे, ऑथॉरिट्या ठरावीक आहेत. इथे शांततेचा अर्थ ‘नाही’ असाच हवा. तो तसा का राहत नाही, हे मी एका कार्यालयात समोर पाहिलं.

तिथे अपाची या वेब सर्व्हरवर सीआरएलचा तपास चालू होता. रोज रात्री एक क्रॉन जॉब प्रॉक्सीतून यादी आणायचा. कुणीतरी प्रॉक्सीचा पासवर्ड बदलला, जॉब गप्प झाला, यादीची पुढची वेळ टळली. सोमवारी सकाळी ओपनएसएसएलने त्याचं काम चोख केलं: एरर १२, यादीची मुदत संपली. एकही टोकन आत जाईना. तिथल्या सिस्टिमवाल्या मुलाचा मला फोन आला.

“मॅडम, बारा वाजता निविदा बंद होतेय. बाहेर ठेकेदारांची रांग लागलीये. साहेब म्हणतात, चेक बंद करा.”

“चेक नका बंद करू. तुमच्या लॅपटॉपवर यादी उतरवा, सर्व्हरवर कॉपी करा, अपाची रिलोड करा. दहा मिनिटांचं काम आहे.”

“तेवढा वेळ नाही म्हणतात मॅडम. तात्पुरता बंद करू, संध्याकाळी चालू करतो.”

चेक बंद झाला, रांग सरकली, साहेबांचा जीव भांड्यात पडला. संध्याकाळी कुणी काही चालू केलं नाही. रद्द झालेलं टोकन चाललं म्हणून तक्रार करायला कुणीच येत नसतं. चालू टोकन अडलं की मात्र पाच मिनिटांत फोन येतो. त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याच्यावर दबाव एकाच बाजूने होता. पुढच्या ऑडिटपर्यंत ते दार तसंच उघडं राहिलं.

कित्येक ठिकाणी तर कुणाला बंदही करावं लागलं नाही. अपाची २.२ मध्ये रद्द-यादीची फाइल दाखवली, की तपास आपोआप व्हायचा. २.४ मध्ये ‘एसएसएलसीएरिव्होकेशनचेक’ ही नवी ओळ आली आणि तिची मुळातली किंमत ‘नन’, म्हणजे तपासू नका. जुनी कॉन्फिग फाइल तशीच उचलून नव्या आवृत्तीवर ठेवली, तर यादी जागेवर, क्रॉन जॉब चालू, सर्व्हर विनातक्रार सुरू, आणि तपास शून्य. आवृत्ती बदलण्याच्या माहितीत हे एका ओळीत स्पष्ट लिहिलेलं आहे. पण ती ओळ वाचली गेली नाही, तर कुठलीही खूण मागे राहत नाही. मुळातली किंमत ‘चेन’ असती, तर ज्याला तपास नको त्याला निदान हाताने तसं लिहावं लागलं असतं.

आता ओसीएसपीचाच काळ संपत आलाय. लेट्स एन्क्रिप्ट या ऑथॉरिटीकडे महिन्याला सुमारे ३४० अब्ज चौकशा येत होत्या. प्रत्येक चौकशी म्हणजे कोणत्या पत्त्यावरून कोणतं संकेतस्थळ उघडलं जातंय, याची ऑथॉरिटीला मिळणारी वर्दी. डिजिनोटारच्या नोंदींतून तीन लाख पीडित मोजता आले, तेव्हाच ही बाजू दिसली होती. ६ ऑगस्ट २०२५ रोजी लेट्स एन्क्रिप्टने ओसीएसपी बंद केलं. याद्याच परत आल्या, आणि संकेतस्थळांच्या सर्टिफिकेटांचं आयुष्य कमी होत चाललंय: मार्च २०२६ पासून जास्तीत जास्त २०० दिवस, मार्च २०२७ पासून १००, मार्च २०२९ पासून ४७. रद्द झाल्याची नोटीस पोचत नाही ना, मग कागदच लवकर बाद होऊ दे.

हा विचार आपल्याकडे आधीच राबवला गेलाय, याचा मला अभिमान आहे. २०१५ पासूनच्या आधार-आधारित ई-साइनमध्ये सही करणाऱ्यासाठी किल्ली तयार होते, एका सहीला वापरली जाते आणि नष्ट होते. तिच्या सर्टिफिकेटची मुदत अर्ध्या तासाची. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकची ई-हस्ताक्षर ही सेवा त्यातलीच. अर्ध्या तासात बाद होणाऱ्या गोष्टीला रद्द करायची गरज जवळपास उरत नाही.

टोकनवरची सर्टिफिकेटं मात्र अजून दोन-दोन, तीन-तीन वर्षांची असतात. माणसं नोकऱ्या सोडतात, भागीदाऱ्या मोडतात, टोकनं ड्रॉवरमध्ये राहतात. म्हणून नवा सर्व्हर हातात आला, की मी त्याच्याकडे रद्द केलेलं एक चाचणीचं सर्टिफिकेट घेऊन जाते, मुद्दाम लांबलचक पत्ते घातलेलं, १२७ बाइटांच्या बरंच पुढे जाणारं. ते अडलं, तर फायरवॉलमधून ओसीएसपीचा रस्ता बंद करते आणि या वेळी चालू असलेलं सर्टिफिकेट लावते. मग रस्ता उघडून रद्द-यादी आठवडाभर जुनी करून ठेवते आणि पुन्हा तेच लावते. पहिल्या चाचणीत बहुतेक सर्व्हर पास होतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या चाचणीत लॉगिन झालं, की मी तो सर्व्हर स्वीकारत नाही. लेखी कळवते, सोबत लॉगची प्रत जोडते.